हातोडीच्या खुणा

१

भिंतीवर प्लायवूड ठोकणाऱ्या माणसाबद्दल मला कधीच दया वाटली नाही. जुनी घरं दुरुस्त करण्यात माझी उभी हयात गेली. आमच्या ग्रँड रॅपिड्स शहरानं एके काळी अर्ध्या देशाला खुर्च्या आणि कपाटं पुरवली. त्या कारखानदारांनी टेकडीवर स्वतःसाठी जी घरं बांधली, त्यांतलं ओकचं काम बघताना हात आपोआप त्यावरून फिरतो. पुढच्यांनी काय केलं? त्यावर पांढरा रंग फासला, छतं खाली आणली, जिने बुजवले आणि खोल्या भाड्यानं दिल्या. आम्ही टेकडीवरची वेडी माणसं ते सगळं पुन्हा उचकटतो. मुळात होतं ते चांगलं आणि नंतर आलं ते वाईट, एवढं एकदा ठरवून टाकलं की डोक्याला फार ताप राहत नाही.

शरद ऋतूत मी माझं गावाबाहेरचं घर विकून टेकडीवरचं हे घर घेतलं आणि आईला घेऊन राहायला आले. आईची स्मरणशक्ती तेव्हा उतरणीला लागली होती. पण चांगल्या दिवशी ती मला ओळखायची, 'रीक्ये' म्हणायची. माझं नाव हेंड्रिका. जग मला रिका म्हणतं. रीक्ये म्हणणारं माणूस आता एकच उरलं होतं.

आमचा दिवस ठरलेला असे. सकाळी मी स्वयंपाकघरात कॉफी करायची. आई टेबलापाशी बसून आमच्या पूर्वजांच्या डच भाषेतली जेवणाआधीची प्रार्थना म्हणायची. ती तिनं कधी चुकवली नाही. मग एक घोट घेऊन तोंड वाकडं करायची.

"ही कॉफी आहे की गटारातलं पाणी?"

चाळीस वर्षं ती हेच म्हणत आली होती. हे ऐकलं की मला बरं वाटायचं, आई अजून घरी आहे असं वाटायचं.

२

स्वयंपाकघराची मागची भिंत प्लायवूडची होती. लाकडाच्या रेघांचं चित्र छापलेलं, तपकिरी. मार्चमध्ये बर्फ वितळायला लागलं तशी मी पहार घेतली.

जोअन वेल्टमन बघायला आली होती. आमच्या टेकडीच्या मंडळाची ती अध्यक्ष. दर मे महिन्यात जुनी घरं लोकांना दाखवायचा सोहळा असतो, तो तीच भरवते. उत्तम जपलेल्या घराची मानाची पितळी पाटी कुणाच्या दाराला लागायची हेही तीच ठरवते. आमची मैत्री शाळेपासूनची, म्हणजे ती तोंडाला येईल ते मला बोलते.

"अगं, ही भिंत काय आंधळ्यानं ठोकली का?" ती म्हणाली.

तिचं खरं होतं. एका फळीला चार खिळे पुरले असते तिथे मूठभर होते. आणि खिळ्यांभोवती हातोडी चुकल्याच्या खुणा, नखं रुतवल्यासारख्या अर्धगोल, सगळीकडे. प्लायवूडच्या मागे जुन्या रंगवलेल्या फळ्यांचा दुसरा थर निघाला, एका कोपऱ्यात माणूस शिरेल एवढा उचकटलेला. त्याच्यावरही तसंच. त्याच्यामागे लाकडी पट्ट्यांवर गिलावा होता, त्याच कोपऱ्यात फोडलेला, आणि पट्ट्या ठोकणाऱ्यानंही तोच धुमाकूळ घातला होता.

"तिन्ही वेळा एकच मठ्ठ माणूस कसा सापडला यांना?" मी म्हटलं, आणि आम्ही दोघी खूप हसलो.

गिलाव्याच्या मागे मागचा जिना होता. कामवाल्या मुलींनी मालकांच्या नजरेस न पडता वर जावं म्हणून बांधलेला, अरुंद, उभा. ओकच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या. काही पायऱ्या चढून जिना उजवीकडे वळत होता आणि वळणाच्या पलीकडे थोडा वर जाऊन संपत होता, कारण वरच्या मजल्यावर कुणीतरी त्याच्या डोक्यावरच न्हाणीघर बांधून ठेवलं होतं. वळणामागे कपाटाएवढीसुद्धा जागा नव्हती. बॅटरी घेऊन मी स्वतः जाऊन बघितलं.

"रिका, पाटी तुझी," जोअन म्हणाली. "मी हा जिना माहितीपत्रकात पहिल्या पानावर घेते की नाही बघ."

३

पहिली गोष्ट अगदी क्षुल्लक होती. मी जिन्याच्या चौकटीवरचा रंग खरवडत होते आणि मागे आई तोंडात गोळी घोळवत होती. गोळी दातांवर आपटल्याचा बारीक 'टक्' असा आवाज येत होता.

हा आवाज मी झोपेतही ओळखेन. आमच्या चर्चमध्ये प्रवचन सुरू झालं की पांढऱ्या पेपरमिंटच्या गोळ्या बाकड्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला हातोहात सरकतात. आई ती गोळी कधीच चावत नसे. अख्खं प्रवचन होईपर्यंत दातांवर टक्, टक्. लहानपणी मला लाज वाटायची.

पण नाताळात आईच्या घशात एक गोळी अडकली होती, तेव्हापासून डॉक्टरांनी मनाई केली होती आणि मी घरातली सगळी पेपरमिंटं फेकून दिली होती. मी रागानंच वळले.

"आई, तोंड उघड बघू. कुठं मिळाली तुला?"

आईनं निमूटपणे तोंड उघडलं. आत काही नव्हतं. जिभेखालीही नव्हतं.

जुन्या घरात आवाज असतात. ऊन पडलं की लाकूड फुगतं, नळ तडतडतात. मी तसं स्वतःला सांगितलं आणि खरवडणं सुरू केलं. थोड्या वेळानं पुन्हा टक् झालं, तेव्हा मी रेडिओ लावला.

४

त्याच आठवड्यात आईनं मला ओळखणं थांबवलं. मला 'बाई' म्हणायला लागली, 'अहो बाई, जरा खिडकी लावता का?' डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. मी मान डोलावली, बाहेर येऊन गाडीत बसले आणि भरपूर रडून घेतलं.

म्हणून दोन-चार दिवसांनी मी पुढच्या ओसरीवर कठडा घासत असताना आतून हाक आली, तेव्हा मला काय झालं असेल ते समजा.

"रीक्ये! कॉफी झाली का गं?"

स्वच्छ, खणखणीत. दहा वर्षांपूर्वीची आई. मी तिथूनच ओरडले, "आलेच आई!" हातातलं सामान टाकलं आणि तिथेच पायरीवर बसून हसत रडले. आत गेले तेव्हा आई खिडकीपाशी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, जशी आपण पोस्टमनकडे बघतो.

असं अनेकदा झालं. मी हाकेची वाट बघायला लागले. लवकर उठून कॉफी करायची आणि मुद्दाम दुसऱ्या खोलीत जाऊन थांबायची. हाक यायची. आई लाजते, मला बघितलं की गोंधळते, असा अर्थ मी लावला. माणसाला हवा तो अर्थ लावायला किती वेळ लागतो?

मग एका दुपारी मी स्वयंपाकघरातल्या मोरीवर आईचे केस धूत होते. तिची मान माझ्या डाव्या तळहातावर होती, डोळे मिटलेले, ओठ मिटलेले. माझा अंगठा तिच्या जबड्यावर होता.

"रीक्ये," माझ्या मागून आवाज आला. "किती दमतेस गं."

माझ्या हाताखालचा जबडा हलला नव्हता.

५

मी बावळट बाई नाही. जुन्या घरात भट्टीची गरम हवा नेणारे जाड नळ भिंतींमधून फिरतात आणि तळघरातलं बोलणं माळ्यावर ऐकू येतं. मी ते नळ चिंध्यांनी बुजवले. शेजारचा टीव्ही सुरू असताना जिन्यात जाऊन कान देऊन उभी राहिले. जिन्याची एकेक पायरी ठोकून बघितली, वळणापलीकडे हात लावून आले. तिथे धूळ होती आणि मेलेली माशी होती. आणि वास होता, पेपरमिंटचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं कॉफी प्यायली आणि तोंड वाकडं केलं नाही. मी वाट बघितली. "कशी झालीय कॉफी?" असं विचारलंसुद्धा. ती म्हणाली, "छान आहे हो, बाई."

जेवणाच्या वेळी जिन्यातून आवाज आला, "ही कॉफी आहे की गटारातलं पाणी?" आणि पाठोपाठ हसणं.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईकडून जे जात होतं ते कुठेच हरवत नव्हतं. माझं नाव आधी आईच्या तोंडून गेलं आणि मग जिन्यात आलं. कॉफीचंही तेच. मी दार नसलेल्या त्या चौकटीकडे बघत उभी राहिले आणि माझी भीती पहिल्यांदा रागात बदलली.

मी आईला घेऊन सरोवराकाठी चुलतभावाकडे गेले. दोन रात्री राहिलो. तिथे दुसऱ्या सकाळी आई टेबलाशी बसली, हात जोडले आणि गप्प राहिली. प्रार्थना गेली होती. तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू कुणीतरी तिच्या खिशातून काही काढून घेतलंय आणि काय ते तिला आठवत नाहीये. आम्ही घरी परतलो तेव्हा दाराशीच मला ऐकू आली ती प्रार्थना, डच भाषेत, संथ, एकही शब्द न चुकता.

पळून उपयोग नव्हता. जिना उघडा होता तोवर आईकडून जायचं ते जातच राहणार होतं.

६

रस्त्यापलीकडे लेनर्ट बुइकेमा राहतो. ऐंशी कधीच उलटली. त्याचे आईवडील पूर्वी याच घराचा खालचा मजला भाड्यानं घेऊन राहत. मी बदामाची पोळी घेऊन त्याच्याकडे गेले आणि आडवळणं न घेता विचारलं, "लेनर्टकाका, स्वयंपाकघरातलं प्लायवूड कुणी लावलं?"

"आमच्या बाबांनी." तो हसला. "त्यांना भिंतीवर साधी तसबीर टांगता यायची नाही. आई म्हणायची, तुमच्या हातात हातोडी म्हणजे माकडाच्या हातात वस्तरा."

"मग लावलं कशाला? आणि त्याआधी तिथे फळ्या होत्या ना?"

"होत्या. बाबांनीच त्या एका कोपऱ्यात उचकटल्या होत्या, मागचा गिलावाही फोडला होता. जिन्यात सामान ठेवता येईल म्हणून." पोळीचा तुकडा त्यानं ताटलीत परत ठेवला. "त्या साली माझा मोठा भाऊ पीट आजारी होता. स्वयंपाकघरातच खाट टाकली होती त्याची, ऊब असायची म्हणून. आधी तो खूप बोलायचा. मग कमी कमी बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, ताप डोक्यात गेलाय."

"आणि?"

"आणि गेला. त्याच्यानंतर बाबांनी ती भिंत लावली. मला आणि आईला चर्चला पाठवलं आणि स्वतः घरी राहिले. रविवार होता, रिका. बाबा चर्चच्या कारभारातले वडीलधारे. रविवारी काम करणं पाप, म्हणून ते दाढीसुद्धा करत नसत, शनिवारी रात्री करून ठेवत. आम्ही परत येताना कोपऱ्यापासून ठोकण्याचा आवाज ऐकला. सगळा रस्ता ऐकत होता. कुणी त्यांना एका शब्दानं विचारलं नाही."

"तुम्ही विचारलंत?"

"माझी काय टाप होती!" तो म्हणाला. मग माझा चेहरा निरखून हळूच म्हणाला, "तुझी आई कशी आहे?"

७

शनिवारी मी फळ्या आणल्या. त्या लावायला सोमवार उजाडेल असं ठरवलं, कारण संध्याकाळ झाली होती आणि रविवारी आम्ही काम करत नाही. तीही माझी चूकच. आईला पुढच्या खोलीत झोपवलं, दाराला खुर्ची लावली आणि त्या खुर्चीवर मी बसून राहिले.

उजाडताना माझा डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा ऊन पडलं होतं, खुर्ची बाजूला सरकली होती आणि मी तिच्यासकट. आई खोलीत नव्हती.

ती जिन्यात होती. रात्रीच्या झग्यात, अनवाणी, तिसऱ्या पायरीवर. एक हात कठड्यावर, दुसरा वर उचललेला, तळवा उघडा. चर्चमध्ये शेजारचा गोळ्या पुढे करतो तेव्हा हात पुढे करतात तसा. वळणामागून सकाळचा करडा उजेड येत होता, जिथे उजेड यायला खिडकीच नाही.

वळणाच्या भिंतीआडून दुसरा हात आला होता.

म्हाताऱ्या बाईचा हात, निळ्या शिरांचा, आईच्या चर्चच्या निळ्या झग्याची बाही असलेला. तो झगा मी स्वतः कपाटात घडी करून ठेवलेला होता. तळव्यावर पांढरी गोळी होती. हात फार सावकाश, फार प्रेमानं पुढे येत होता आणि आईची बोटं त्या गोळीपासून वीतभर लांब होती.

मी आईला कमरेला धरून मागे खेचलं. आम्ही दोघी स्वयंपाकघराच्या फरशीवर आपटलो. मी वर बघितलं तेव्हा हात आत जात होता, घाई न करता. जाता जाता वरून आवाज आला, थोडा रुसलेला, "रीक्ये, मलाही नाही का देणार घरात जागा?"

आईला काही लागलं नव्हतं. मी तिला टेबलापाशी बसवलं, शाल गुंडाळली. मग एक वेडेपणा केला. खुर्ची भिंतीला लावून बसले आणि माझा हात तसा पुढे करून बघितला, तळवा वर, कोपर भिंतीआड. डावा करून बघितला, उजवा करून बघितला. तो हात भिंतीआडून जसा वळून आला होता, तसं माझं कोपर कुठल्याच हाताला वळेना.

मी उठले आणि हातोडी घेतली.

८

बाहेर चर्चच्या घंटा वाजत होत्या. पहिला खिळा मारला तसा तो आवाज सगळ्या टेकडीभर गेला असणार. मला लाज वाटली, खोटं कशाला सांगू. चोपन्न वर्षांत मी रविवारी साधी सुईसुद्धा उचलली नव्हती.

"काय करतेस गं?" जिना म्हणाला. "आज कुठला वार आहे?"

मी दुसरा खिळा मारला.

"रीक्ये, आठवतं तुला, सरोवरावर तुझ्या पायात काच घुसली होती? मी तुला पाठीवर घेऊन गाडीपर्यंत आले. तू माझ्या कानात गाणं म्हणत होतीस."

मला आठवत होतं. आणि जगात आता ते आठवणारी मी एकटी होते. मी आणि तो जिना. हातोडी खिळ्यावर न पडता फळीवर पडली.

मागे दार वाजलं. लेनर्ट उभा होता, चर्चचा कोट घातलेला, हातात टोपी. त्याच्यामागे रस्त्यावर जोअनची गाडी थांबलेली आणि जोअन काच खाली करून ओरडत होती, "रिका! अगं माहितीपत्रक छापून आलंय! पहिल्या पानावर आहे तो जिना!"

"फाडून टाक!" मी ओरडले.

लेनर्टनं कोट काढला, खुर्चीवर नीट टांगला आणि येऊन फळी दोन्ही हातांनी दाबून धरली. त्याचा कान फळीला लागला होता. मी ठोकत होते आणि त्याचा चेहरा बघत होते. आधी तो नुसता लाल होता. मग एकदम पोरासारखा झाला, तोंड उघडलं, डोळे भरून आले. त्याचे हात सैल पडले आणि फळी खालून सुटायला लागली.

"काका!"

त्यानं डोळे गच्च मिटले. "धरलंय मी," तो म्हणाला. "तू ठोक. थांबू नकोस, तू ठोक."

त्यानं काय ऐकलं ते मी विचारलं नाही. त्यानंही मला विचारलं नाही. आतला आवाज आता कुजबुजत होता, फळीच्या अगदी मागून, माझ्या हाताच्या उंचीवर. मी लहान असताना आई मला झोपवताना जे म्हणायची ते सगळं म्हणत होता, आणि एकदा तर म्हणाला की मला दुसरं कुणी नाही गं. माझ्या डोळ्यांसमोर सगळं पाण्यासारखं झालं होतं. हातोडी खिळ्यावर पडत होती, बाजूला पडत होती, बोटावर पडत होती. एका फळीला चार खिळे पुरतात. मी मूठभर मारले. मग आणखी मूठभर मारले.

शेवटची फळी बसली तेव्हा आवाज नव्हता. लेनर्ट जमिनीवर बसला होता, पाठ भिंतीला लावून, आणि टोपीनं तोंड पुसत होता. मी मागे सरकून माझं काम बघितलं. तीस वर्षांच्या धंद्यात इतकं घाणेरडं काम माझ्या हातून झालं नव्हतं. सगळ्या फळ्यांवर खिळ्यांभोवती त्याच अर्धगोल खुणा होत्या, नखं रुतवल्यासारख्या.

मी त्यांवरून हात फिरवला. मठ्ठ माणूस म्हणून हसले होते मी त्यांना. तिघांनाही.

"अहो बाई," मागून आई म्हणाली.

मी वळले. ती टेबलापाशी ताठ बसली होती, शाल खांद्यावर सारखी केलेली, आणि माझ्याकडे रागानं बघत होती. मला ओळखत नव्हती. पण हा राग माझ्या ओळखीचा होता, मी त्यात वाढले होते.

"आज रविवार आहे ना? रविवारी असली ठोकाठोकी करतात का कुणी? तुमच्या आईनं काही शिकवलं नाही तुम्हाला?"

"शिकवलंय," मी म्हटलं. "चुकलं माझं. पुन्हा नाही करणार."

ती जरा निवळली. मी तिच्यासमोर कॉफी ठेवली आणि शेजारी बसले, पाठ भिंतीकडे करून. तिचा हात माझ्या हातात घेतला. भिंतीमागे खूप आत, खूप हळू, कुणीतरी दातांवर गोळी घोळवत होतं. टक्. टक्. मी वळले नाही.